जुन्या पद्मिनीची वायरिंग: पूर्ण बदलायची की दुरुस्त करायची? आधी मोजा, मग ठरवा

मोबाईलची केबल खराब झाली की आपण काय करतो? नवीन घेतो, विषय संपला. पण घरात आजोबांच्या वेळची कार उभी असेल आणि तिची वायरिंग खराब झाली असेल तर? तिथे "नवीन टाका" म्हणणं सोपं आहे, पण ते नेहमीच गरजेचं नसतं. आणि "चालतंय ना, चालू दे" म्हणणं तर सरळ धोक्याचं असतं.

आमच्या घरी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या वर्षी रात्री गावाहून परत येताना तिचे हेडलाईट इतके पिवळे पडले की समोरचा खड्डा दिसेना. थोड्या वेळाने डॅशबोर्डखालून जळकट वास यायला लागला. बाबांनी गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली आणि आम्ही उरलेला रस्ता एका टेम्पोच्या मागे दोरी बांधून आलो. दुसऱ्या दिवशी दोन मतं पडली. एक ओळखीचा मिस्त्री म्हणाला, "सगळी वायरिंग काढून फेका." बाबा म्हणाले, "त्यापेक्षा गाडीच विकून टाकू." मी म्हटलं, आधी बघू तरी नेमकं काय झालंय.

त्या शोधात जे शिकलो तेच आजच्या लेखात सांगतोय. उदाहरण पद्मिनीचं आहे, पण अँबेसेडर असो, जुनी जीप असो किंवा बीटल, तत्त्व सगळीकडे तेच.

आधी गाडीची थोडी ओळख

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. १९६४ मध्ये ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, पुढे १९७० च्या दशकात तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती हीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

खाजगी पद्मिनी मात्र अजून अनेक घरांत आहेत. या गाडीत ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. एक १२ व्होल्टची बॅटरी, डायनॅमो (नंतरच्या किंवा बदल केलेल्या गाड्यांत अल्टरनेटर), थोडे दिवे, हॉर्न, वायपर आणि इग्निशन. म्हणजे शिकायला यापेक्षा चांगली गाडी नाही.

जुन्या वायरिंगमध्ये नेमकं बिघडतं काय?

बऱ्याच जणांना वाटतं, वायर जुनी झाली म्हणजे आतलं तांबं खराब झालं. तसं क्वचितच होतं. खरा त्रास या पाच ठिकाणी असतो:

१. जोड. लग, पिन, फ्यूजची क्लिप, स्विचचा संपर्क. इथे गंज चढतो, हिरवट कीट जमतं, पकड सैल होते.

२. अर्थिंग. कारमध्ये प्रत्येक दिव्याला परतीची वायर नसते. करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. जिथे वायर बॉडीला स्क्रूने लावली आहे तिथे गंज किंवा रंगाचा थर आला की रस्ता अडला.

३. वरचं आवरण. वायरवरचं पीव्हीसी वर्षानुवर्षं इंजिनची उष्णता खाऊन कडक होतं. वाकवलं की तडकतं. त्यात गाडी महिनोन्महिने उभी असेल तर उंदीर आहेतच.

४. फ्यूज. पद्मिनीत जुन्या पद्धतीचे गोळीच्या आकाराचे फ्यूज असतात, वरून उघडी धातूची पट्टी. तो उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम चालवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ही सवय गाडी जाळू शकते.

५. नंतर केलेले जुगाड. टेप, एसी, फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, आणि आता मोबाईलचा यूएसबी चार्जर. जी वायर हाताला लागली ती सोलली, त्यावर दुसरी गुंडाळली, वरून काळी टेप. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते आणि उघडा जोड लोंबकळत राहतो.

वायर गरम का होते? गणित अगदी सोपं आहे

फास्ट चार्जिंग करताना सैल झालेली चार्जरची पिन कधी हाताला गरम लागली आहे? जिथे संपर्क खराब तिथे रेझिस्टन्स जास्त, आणि तिथून करंट गेला की उष्णता तयार होते. कारमध्ये हेच होतं, फक्त करंट कितीतरी जास्त असतो.

बाजारात मिळणारा साधा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही हेडलाईट अप्परवर लावले की १२० वॅट झाले. १२० भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर करंट.

आता समजा वाटेत एका जोडात फक्त ०.२ ओहम रेझिस्टन्स आहे. १० अँपिअर गुणिले ०.२ म्हणजे २ व्होल्ट त्या जोडातच संपले. आणि २ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २० वॅट उष्णता त्या एका जोडात. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या डॅशबोर्डखाली, प्लास्टिक आणि रेक्झिनच्या मध्ये, जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे!

यात सर्वात महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. या प्रकारात फ्यूज उडत नाही. कारण करंट वाढलेलाच नाही, उलट थोडा कमी झालाय. फ्यूज ठीक आहे म्हणजे वायरिंग ठीक आहे, हा समज इथेच खोटा ठरतो.

"मीटरने बीप दिली" म्हणजे वायर चांगली? नाही!

मल्टिमीटर घेतला की पहिलं काम आपण करतो ते बीपवालं. वायरच्या दोन टोकांना प्रोब लावले, बीप वाजली, वायर ठीक. पण वायरमधल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असतील आणि एकच शिल्लक असेल, तरी बीप वाजते. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, त्याला एक तार पुरते. हेडलाईटला मात्र ती पुरत नाही.

म्हणून तपासणी करायची ती लोड चालू ठेवून. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन बंद, हेडलाईट चालू, आणि बल्ब होल्डरमध्ये बसलेला:

- बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा.
- मग बल्बच्या दोन टोकांवर मोजा. फरक आला तेवढा व्होल्टेज वाटेत हरवला.
- कुठे हरवला ते शोधायला एक प्रोब जोडाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे लावा. चांगल्या जोडात ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे.
- अर्थिंगसाठी एक प्रोब बल्बच्या अर्थ टोकाला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या आत हवं.
- पूर्ण सर्किट मिळून अर्धा व्होल्ट गेला तर चालून जाईल. एक व्होल्टच्या वर गेला तर काम काढायलाच हवं.

आमच्या पद्मिनीत बॅटरीवर १२.२ आणि बल्बवर १०.१ व्होल्ट मिळाले. म्हणजे २.१ व्होल्ट गायब! शोधल्यावर हिशोब असा लागला: लाईटच्या स्विचमध्ये ०.९, फ्यूजच्या सैल क्लिपमध्ये ०.७ आणि हेडलाईटच्या अर्थला ०.५. वायर स्वतः जवळपास निर्दोष होती. जळकट वास त्या स्विचच्या प्लास्टिकचा होता.

२.१ व्होल्ट कमी म्हणजे प्रकाशही तेवढाच कमी, असं वाटेल. पण फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. इथे तो जवळजवळ निम्म्यावर आला होता. म्हणून खड्डा दिसत नव्हता. अशा वेळी १०० वॅटचा बल्ब टाकायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. करंट वाढेल आणि तोच आजारी स्विच आणखी तापेल.

मग बदलायची की दुरुस्त करायची?

आता निर्णय सोपा होतो.

दुरुस्ती पुरेशी आहे, जर: ड्रॉप दोन-चार ठिकाणीच सापडला, वायर वाकवली तरी आवरण तडकत नाही, आणि मूळ वायरिंगला फारशी छेडछाड झालेली नाही.

पूर्ण बदला, जर: वायर वाकवताच आवरण ठिकठिकाणी फुटतं, सोलल्यावर आतलं तांबं दूरपर्यंत काळं पडलेलं दिसतं, एखादी वायर जळून शेजारच्या वायरींना चिकटली आहे, किंवा जुगाडाचे जोड इतके आहेत की कोणती वायर कुठे जाते हेच कळत नाही.

मधला मार्गही आहे. इंजिनजवळचा भाग उष्णतेने गेलेला असतो, पण मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर बऱ्याचदा चांगली निघते. तेव्हा फक्त पुढचा भाग बदलता येतो.

काम सुरू करण्याआधी: मोबाईल काढा

इथे तुमचा स्मार्टफोन मिस्त्रीच्या हत्यारांपेक्षा कमी नाही. एकही वायर काढण्याआधी प्रत्येक जोडाचा जवळून फोटो घ्या. फ्यूज बॉक्स, स्विचची मागची बाजू, कट-आउट, सगळं. टॉर्च लावून सलग व्हिडिओ घ्या आणि बोलत जा, "निळी वायर, डावा इंडिकेटर." जुन्या वायरींचे रंग धूळ-तेलाने ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येक टोकाला कागदी टेपची चिठ्ठी लावा आणि तोच नंबर फोटोतही दिसू द्या.

मग बॅटरी सोडवा. पद्मिनीत बॉडीला निगेटिव्ह जोडलेलं असतं, म्हणून आधी निगेटिव्ह काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. कारण? आधी पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. त्या क्षणी शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होऊ शकतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतं. नियम साधा आहे: जे टोक बॉडीला जोडलंय ते आधी काढा.

कोणती वायर, कोणता फ्यूज?

घरच्या लाईट फिटिंगची उरलेली वायर वापरू नका. तिचं आवरण इंजिनची उष्णता आणि तेल सोसायला बनवलेलं नसतं. बारीक बारीक तारांची ऑटो वायर घ्या, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी ती तुटत नाही. स्वस्त वायरमध्ये तांब्याचा फक्त मुलामा आणि आत अॅल्युमिनिअम असतं. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरट चंदेरी दिसलं तर परत द्या.

आता फ्यूजचा सर्वात मोठा गैरसमज. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, तो वायरला वाचवायला असतो. म्हणून फ्यूज ठरवायचा तो वायरच्या जाडीवरून. सुरक्षित हिशोब असा:

- ०.७५ स्क्वेअर एमएम: ७.५ अँपिअर
- १ स्क्वेअर एमएम: १० अँपिअर
- १.५ स्क्वेअर एमएम: १५ अँपिअर
- २.५ स्क्वेअर एमएम: २० अँपिअर
- ४ स्क्वेअर एमएम: ३० अँपिअर

आणि फ्यूज बसवायचा तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं कुणीच नाही.

जुन्या गाड्यांचा खरा धोका इथेच आहे. बॅटरीकडून इग्निशन स्विचकडे जाणाऱ्या मुख्य वायरला बहुतेक गाड्यांत फ्यूजच नसतो. म्हणून वायरिंग बदला किंवा बदलू नका, ही एक सुधारणा नक्की करा: या वायरला बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज. वायर ६ स्क्वेअर एमएमची असेल तर ४० अँपिअरचा चालेल. स्टार्टरची जाड केबल मात्र वेगळी ठेवा. तिच्यातून स्टार्ट करताना शंभराहून जास्त अँपिअर जातात, तिथे हा फ्यूज टिकणार नाही.

रिले: छोटा डबा, मोठं काम

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. रिले लावला की स्विचमधून फक्त रिलेला जागं करण्याइतका, साधारण ०.२ अँपिअर करंट जातो. बल्बचा १० अँपिअर बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट जातो. रिलेवर चार नंबर असतात: ३० ला बॅटरीची फ्यूजवाली वायर, ८७ ला बल्ब, ८५ आणि ८६ पैकी एकाला स्विचची वायर आणि दुसऱ्याला अर्थ. अप्पर आणि डिपर यांना वेगवेगळा रिले द्या, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा प्रकाश शिल्लक राहतो.

रिले बोनेटखाली आडोशाला बसतो, त्यामुळे गाडीचं मूळ रूप बिघडत नाही. हॉर्नलाही असाच रिले देता येतो.

जोड कसे करायचे?

वायर पिळून टेप लावणं बंद. योग्य मापाचा लग घ्या, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा, आणि ओढून बघा. निघाला तर जोड चुकलाय. साध्या पक्कडीने चेपलेला लग आज चालतो, सहा महिन्यांनी सैल होतो. वर हीट श्रिंक ट्यूब चढवा. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते.

अर्थच्या जागी रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, लग घट्ट बसवा, मग वरून ग्रीस लावा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी चपटी अर्थ पट्टीही बघा. ती तुटली असेल तर स्टार्टरचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीचा रस्ता शोधतो. स्टार्ट करताना चोकची केबल गरम लागली तर समजा पट्टी गेली.

यूएसबी चार्जर हवा असेल तर खुशाल लावा, पण हाताला लागेल त्या वायरला टोचून नाही. त्याला स्वतःचा छोटा फ्यूज आणि स्वतःची वायर द्या.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना ही युक्ती वापरा

काम झालं, आता धडधडत्या छातीने बॅटरी जोडायची. थेट जोडू नका. बॅटरीचं निगेटिव्ह आणि गाडीची अर्थ केबल यांच्या मध्ये ब्रेक लाईटचा २१ वॅटचा बल्ब जोडा. सगळे स्विच बंद ठेवा. बल्ब लागला नाही तर छान. बल्ब पूर्ण उजेडाने लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पण बल्बमुळे करंट २ अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे वायर जळत नाही आणि तुम्हाला शांतपणे शोधता येतं.

शेवटी गळती तपासा. बल्ब काढून त्याच जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या सेटिंगवर लावा. सगळं बंद असताना या गाडीत आकडा शून्याच्या जवळ हवा. मीटर असा जोडलेला असताना हेडलाईट लावू नका आणि स्टार्टर तर अजिबात मारू नका. अर्धा अँपिअर जरी गळत असला तरी ४५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० तासांत, म्हणजे चार दिवसांच्या आत रिकामी होते. "बॅटरी टिकत नाही" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

स्वतः करायचं की नाही?

मोजणं, फोटो काढणं, अर्थ साफ करणं, फ्यूज बदलणं हे तुम्ही घरी करू शकता. पूर्ण वायरिंग पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. पण आता तुम्ही त्याच्याकडे आकडे घेऊन जाल. "काका, स्विचमध्ये पाऊण व्होल्टच्या वर जातोय" असं म्हटलं की बोलणं वेगळ्याच पातळीवर सुरू होतं. जुन्या गाड्यांवर आयुष्य घालवलेल्या या मंडळींकडून शिकण्यासारखंही खूप असतं. आणि गाडीत एक छोटं फायर एक्स्टिंग्विशर ठेवायला विसरू नका.

आमच्या पद्मिनीचं काय झालं? स्विच बदलला, फ्यूजच्या क्लिपा साफ करून घट्ट केल्या, अर्थ घासले, दोन रिले आणि एक मुख्य फ्यूज लावला. टेपच्या काळातले सगळे जुगाड काढून टाकले. मूळ वायरिंग जवळपास तशीच राहिली. आता बल्बवर ११.८ व्होल्ट मिळतात. परवा त्याच रस्त्याने रात्री आलो. खड्डा तिथेच होता, पण या वेळी तो लांबूनच दिसला. गाडी विकायचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही.